नोकरीच्या दारांतील अडसर

माणसाला काम मिळण्याच्या आड ज्या अडचणी येतात त्या दोन प्रकारच्या असतात. एक, त्याला तें काम येत नाहीं ही. आणि दुसरी, काम येतें, परंतु तो अमक्या जातीचा, अमक्या वर्णाचा किंवा अमक्या धर्माचा आहे ही. पहिल्या अडचणीवर शाळा उपाय करीत असतात, व त्यांत त्यांस बरेंच यशही येतें. दुसरीवर मात्र शाळेचा उपाय फारसा चालत नाहीं. कारण ती अडचण उमेदवाराच्या अंगीं नसून दाराशीं उभ्या असलेल्या माणसाच्या मनांत असते. परीक्षेचे निकाल लागले कीं पालक आम्हांस भेटावयास येतात, मुलाला गुण किती मिळाले तें सांगतात, आणि आतां पुढें नोकरी कोठें मिळेल असें विचारतात. त्यांतील कांहीं जण उठतां उठतां, आवाज थोडा खालीं करून, आणखी एक प्रश्न विचारतात : ‘आडनांव पाहून अर्ज बाजूला ठेवतील काय?’ या प्रश्नाला ‘छे, आतां तसें कांहीं राहिलें नाहीं’ असें गोड उत्तर देणें सोपें आहे. पण तें खरें नाहीं. म्हणून हा भेद कामाच्या ठिकाणीं कसा शिरतो, कसा टिकतो आणि कोणत्या उपायांनीं कमी होतो, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आरंभीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या मुंबईंतीलच गोष्ट घेऊं. कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली सुताची गिरणी काढण्याकरितां १८५४ सालीं कंपनी स्थापिली व १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम चालू झालें. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुराड्यांनीं भरून गेला. कोंकणांतून व देशावरून माणसें पोट भरण्यासाठीं येऊं लागलीं. त्यांत मराठे होते, कुणबी होते, महार होते, आणि उत्तरेकडून आलेले मुसलमान जुलाहेही होते. गांवांत ज्यांच्या सावलीचा विटाळ मानीत त्यांच्याबरोबर एकाच फाटकांतून आंत जावें लागे व एकाच छपराखालीं राबावें लागे. यंत्राला जात समजत नाहीं. तेव्हां गिरणी ही जातिभेदाची वैरीण ठरेल असें कोणासही वाटावें. अर्धें तसें झालेंही, परंतु अर्धेंच.

गिरणींत अनेक खातीं असत. सूत काढण्याच्या खात्यांत, विशेषतः रिंग स्पिनिंगच्या खात्यांत, अस्पृश्य मानलेल्या जातींचे हजारों स्त्रीपुरुष काम करीत. मात्र साचेखातें, म्हणजे जेथें माग चालून प्रत्यक्ष कापड निघे तें खातें, त्यांना बंद होतें. गिरणींत ज्यांना चांगली मजुरी मिळे अशांत या साचेवाल्यांची गणना होत असे. म्हणजे बंद असलेलें दार नेमकें अधिक मजुरीचें होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या बंदीचें जें कारण सांगत तें ऐकण्यासारखें आहे. मागावर आडवें सूत टाकणारा जो धोटा, त्याच्या पोटांत सुताची कांडी असते, आणि कांडीवरील सुताचें टोंक धोट्याच्या अंगास असलेल्या एका बारीक छिद्रांतून बाहेर काढावें लागतें. कांडी कांहीं मिनिटांत संपते. मग माग थांबवावयाचा, रिकामी कांडी काढून भरलेली घालावयाची, सुताचें टोंक आंतल्या बाजूनें छिद्राशीं न्यावयाचें, आणि बाहेरून छिद्राला तोंड लावून श्वास आंत ओढावयाचा, कीं सूत झटकन् बाहेर येतें. दोन साचे सांभाळणाऱ्या मजुराला हें दिवसांतून शेंकडों वेळां करावें लागे. धोटा एकाचाच राहत नसे. माणूस बदलला, बदलीवाला आला, कीं तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडीं जाई. तेव्हां स्पृश्य साचेवाले म्हणत कीं, महाराच्या तोंडचा धोटा आम्ही आमच्या तोंडास लावणार नाहीं. एवढ्या एका छिद्रापायीं हजारों माणसांची बढती अडून राहिली.

हें कारण मनापासूनचें होतें कीं बहाण्याचें, याविषयीं मतभेद होऊं शकेल. आमच्या मतें त्यांत दोन्ही होतें. पुष्कळांना विटाळाची भीति खरीच वाटत असेल. लहानपणापासून जें शिकविलें तें गिरणीच्या फाटकाशीं उतरवून ठेवतां येत नाहीं. परंतु त्याच साचेखात्यांत हिंदु साचेवाले व मुसलमान साचेवाले होते, आणि घरीं एकमेकांच्या हातचें पाणी न घेणारे हे लोक तेथें एकमेकांस मज्जाव करूं शकले नाहींत. विटाळ जेथें गैरसोयीचा होता तेथें तो सैल झाला, आणि जेथें चांगल्या मजुरीची जागा आणखी एकाशीं वांटून घ्यावी लागली असती तेथें तो घट्ट राहिला. यांत आणखी एक विपरीत गोष्ट आहे. नागपुराकडील महारांचा जाडेंभरडें कापड विणण्याचा पिढीजात धंदा होता. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींविषयींच्या १९१६ सालच्या ग्रंथांत त्याची नोंद आहे. विणणें ज्यांच्या हातांत होतें त्यांच्याच जातभाईंना मुंबईंत मागाजवळ उभें राहण्याची मनाई!

१९२८ सालीं मुंबईंतील गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं संपाच्या पुढाऱ्यांस बजाविलें कीं, गिरणीच्या सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य केला नाहीं, तर संपापासून दूर राहा असें मी त्यांस सांगेन. तेव्हां नाखुषीनें कां होईना, ती मागणी इतर मागण्यांच्या यादींत गेली. मालकांपुढें ती आली तेव्हां त्यांनीं कानांवर हात ठेविले. हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. पुढें सरकारनें नेमलेल्या स्टार्ट कमिटीनें १९३० सालीं अहवाल दिला, तेव्हांही ही बंदी नमूद करण्याजोगी शिल्लक होतीच.

मालकांचें हें उत्तर जरा थांबून पाहण्यासारखें आहे, कारण कामाच्या ठिकाणचा भेदभाव बहुतेक याच उत्तरावर जगतो. मालक म्हणतो, माणसें मी नेमीत नाहीं, जॉबर नेमतो. जॉबर म्हणतो, मला काय, कोणीही चालेल, पण खात्यांतील माणसें ऐकावयाचीं नाहींत. खात्यांतील माणसें म्हणतात, आमचें कोणाशीं वैर नाहीं, पण पूर्वापार चालत आलें आहे. प्रत्येकजण सभ्य, प्रत्येकजण निर्दोष. दार मात्र बंद. ज्या अन्यायाला कोणी धनी नसतो तो सर्वांत चिवट असतो.

जॉबराविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण आजच्या मुलांना तो माहीत नाहीं. गिरणीच्या खात्यावरचा हा मुकादम. माणसें भरणें, रजा देणें, काढून टाकणें हें सर्व त्याच्या हातीं असे. तो आपल्या गांवचीं, आपल्या नात्यांतलीं माणसें भरी, आणि पुष्कळदां त्यांजकडून दस्तुरीही घेई. गांवाकडून आलेल्या गरिबाला हा मोठाच आधार होता, हें नाकारतां येत नाहीं. पण ज्याच्या जातीचा जॉबर नाहीं त्याला फाटकाबाहेर उभें राहण्यापलीकडे गति नसे. एकाची आपुलकी ती दुसऱ्याची बंदी, असा हा प्रकार. १९३१ सालीं व्हिटले कमिशननें आपल्या अहवालांत शिफारस केली कीं, माणसें भरण्याचें काम जॉबराकडून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसराकडे द्यावें. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांतूनच बदल्या देण्याची योजना सुरू केली. हे नियम वाचावयास रुक्ष आहेत. परंतु नोकरी एका माणसाच्या मर्जीतून काढून नोंदवहींत आणणें ही या रोगावरची पहिली मात्रा आहे, आणि ती आजही लागू पडते.

आणि त्या धोट्याच्या छिद्राचें काय? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९११ सालींच तोंडानें सूत ओढण्याच्या धोट्यांस कायद्यानें बंदी केली होती. तेथें कारण जातीचें नव्हतें, आरोग्याचें होतें; अनेकांच्या तोंडांतून फिरणारा धोटा रोगही फिरवितो, आणि सुताची धूळ छातींत जाते. इंग्लंडांत तसेच नियम १९५२ सालीं झाले. हातानें सूत ओंवण्याचे धोटे निघालेले होते, आणि १८९० नंतरच्या दशकांत बाजारांत आलेल्या नॉर्थ्रप मागास तर तोंड लावण्याची गरजच नव्हती. म्हणजे मुंबईंत महाराच्या लाळेविषयीं वाद चालू होता त्या काळीं कोणाचीच लाळ न लागेल असा धोटा जगांत तयार होता. अडचण खरोखर धोट्याचीच असती तर ती सुताराच्या हत्यारांनीं सुटली असती. पण यांतून एक उपयोगी गोष्ट निघते. कित्येकदां मनें बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षां कामाची रीत बदलणें सोपें असतें. अमेरिकेंतील अनेक मोठ्या वाद्यवृंदांनीं वादक निवडतांना उमेदवार पडद्याआड बसवून केवळ वादन ऐकण्याची प्रथा पाडली. पडद्यामागें स्त्री आहे कीं पुरुष, गोरा आहे कीं काळा, हें परीक्षकांस दिसतच नाहीं. परीक्षकांचीं मनें निर्मळ आहेत किंवा नाहींत, ही चौकशी करण्याची जरूरच उरत नाहीं.

आतां समुद्रापलीकडची एक हकीकत सांगतों. ब्रिस्टल हें इंग्लंडच्या पश्चिमेकडील जुनें बंदर. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतून, तसेच भारत व पाकिस्तान या देशांतून पुष्कळ माणसें तेथें कामासाठीं गेलीं. शहराची बसकंपनी त्यांना कारखान्यांत व उपाहारगृहांत काम देई. पण बसवर ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून घेत नसे. याला कामगार संघाचेंही पाठबळ होतें. १९५५ सालीं संघाच्या स्थानिक शाखेंत, काळ्या माणसांस बसवर घेऊं नये असा ठराव झालेला होता. म्हणजे मालक व मजूर एरवीं प्रत्येक गोष्टींत भांडत, आणि एवढ्या एका गोष्टींत त्यांचें एकमत! गिरणगांवाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

१९६३ सालीं पॉल स्टीफन्सन नांवाच्या तरुण समाजसेवकानें प्रथम कंपनीस टेलिफोन करून जागा रिकाम्या आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग गाय बेली या अठरा वर्षांच्या तरुणाची मुलाखत ठरविली. बेली हा रात्रीच्या वर्गास जाणारा, क्रिकेट खेळणारा, आणि बॉइज् ब्रिगेड या ख्रिस्ती मुलांच्या संस्थेंत अधिकारी असलेला मुलगा. ज्याच्यांत दोष काढावयास जागा नाहीं असाच उमेदवार मुद्दाम निवडला होता. तो दारांत उभा राहिल्यावर त्याला सांगण्यांत आलें कीं जागा भरल्या. तो काळा आहे एवढेंच मध्यंतरीं नवीन कळलें होतें. तेव्हां ३० एप्रिल १९६३ पासून रॉय हॅकेट, ओवेन हेन्री प्रभृति वेस्ट इंडियन मंडळींनीं, स्टीफन्सन यांस बरोबर घेऊन, बसवर बहिष्कार पुकारला. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं मोर्चा काढला. स्थानिक राजकीय पुढारी टोनी बेन, विरोधी पक्षाचे नेते हॅरोल्ड विल्सन, आणि पूर्वीचे नामांकित क्रिकेटपटू व त्या वेळचे त्रिनिदादचे हायकमिशनर लिअरी कॉन्स्टंटाइन यांनीं त्यांची बाजू घेतली. आणखी एक गोष्ट ख्रिस्ती शाळेच्या मासिकांत झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं : ब्रिस्टलच्या चर्चसंघानें त्या वेळीं जें पत्रक काढलें त्यांत वादाचा दोष प्रथम बहिष्कार घालणाऱ्यांच्याच पदरीं बांधिला, आणि कंपनीच्या अडचणीविषयीं मात्र सहानुभूति दाखविली. तटस्थ राहूं पाहणारा मनुष्य पुष्कळदां नकळत दाराच्या आंतल्या बाजूस जाऊन उभा राहतो, त्याचें हें उदाहरण आहे.

कंपनीचा मॅनेजर सांगे कीं, काळीं माणसें घेतलीं तर गोरीं माणसें काम सोडून जातील. अखेर २७ ऑगस्ट रोजीं सुमारें पांचशें बस कामगारांनीं सभा घेऊन बंदी उठविण्यास संमति दिली, आणि दुसऱ्या दिवशीं, २८ ऑगस्ट १९६३ रोजीं, कंपनीनें ती उठविल्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं वॉशिंग्टन येथें डॉ. मार्टिन लूथर किंग यांचें तें जगप्रसिद्ध भाषण झालें. १७ सप्टेंबरला रघबीर सिंग नांवाचा शीख गृहस्थ ब्रिस्टलच्या बसवरचा पहिला अश्वेत कंडक्टर झाला. मग आकाश कोसळलें काय? बसगाड्या चालत राहिल्या. ब्रिटनांत १९६५ सालीं वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला. पण त्यांत नोकरीचा समावेश नव्हता. तो १९६८ च्या कायद्यानें झाला. कामगार संघानें आपल्या जुन्या वर्तनाबद्दल माफी मागितली ती २०१३ सालीं, म्हणजे पन्नास वर्षांनीं.

‘आमचें कांहीं म्हणणें नाहीं, पण लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक येणार नाहीं’ ही सबब आपल्याकडेही जुनी आहे, आणि तिला सर्वांत सुरेख उत्तर कोल्हापुरांत दिलें गेलें. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं राज्याच्या नोकरींत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हें सर्वांस माहीत आहे. पण हुकूम दरबारच्या नोकरीला लागतो. बाजारपेठेला हुकूम कसा करावा? गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकरास, पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून, सरकारी पागेंतील लोकांनीं मारहाण केली. महाराजांनीं त्याला मदत करून शहरांत चहाचें हॉटेल काढून दिलें. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हां महाराज स्वतः गाडी घेऊन हॉटेलाशीं थांबत, चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजीत. भाषण नाहीं, उपदेश नाहीं. गिऱ्हाईक येत नाहीं म्हणतां काय, तर हा मी गिऱ्हाईक. वरिष्ठ माणसानें स्वतः रांगेंत पहिलें उभें राहणें, याची बरोबरी करील असा नियम अजून कोणत्याही कचेरीनें केलेला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, या सर्व जुन्या गोष्टी झाल्या. गिरण्याही आतां उरल्या नाहींत आणि राजेही उरले नाहींत. म्हणून अलीकडची दोन परीक्षणें सांगतों. अमेरिकेंत बर्ट्रंड व मुलैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारें पांच हजार अर्ज पाठविले. पात्रता सारखी; फरक एवढाच कीं कांहीं अर्जांवर गोऱ्यांत रूढ असलेलीं नांवें होतीं व कांहींवर काळ्यांत रूढ असलेलीं. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गोऱ्या नांवाच्या माणसाला एक बोलावणें येण्यास सरासरी दहा अर्ज करावे लागले, काळ्या नांवाच्या माणसाला पंधरा. आपल्या देशांत सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनीं वर्तमानपत्रांतील जाहिरातींवरून खाजगी कंपन्यांत असेच अर्ज धाडले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें, सारखीच पात्रता असतां, उच्चवर्णीय हिंदु नांवाच्या मानानें दलित नांवाला बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोनतृतीयांश, आणि मुसलमान नांवाला सुमारें एकतृतीयांश पडला. अर्ज उघडणारा कारकून दुष्ट होता असें मानण्याचें कारण नाहीं. त्याच्यापुढें गठ्ठा होता, वेळ थोडा होता, आणि ओळखीचें वाटणारें नांव हाताला आधीं लागलें. धोट्याच्या छिद्राची जागा आतां अर्जावरच्या नांवानें घेतली आहे, एवढाच फरक.

महाराष्ट्रांत तर आडनांव ही मोठी चुगलखोर वस्तु आहे. म्हणूनच कित्येक कुटुंबांनीं जुनें आडनांव टाकून गांवाच्या नांवास ‘कर’ लावून घेतलें. तें केलें तरी मुलाखतींत प्रश्न येतो : ‘मूळ गांव कोणतें? वडील काय करतात? घरचें वळण कसें आहे?’ समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनीं मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशीं बोलून २००७ सालीं जो लेख लिहिला त्यांत हेंच आढळतें. अधिकारी एकमुखानें म्हणतात कीं आम्ही गुणच पाहतों. आणि त्याच श्वासांत सांगतात कीं उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमि आम्ही जरूर विचारतों. वडिलांचा धंदा हा मुलाचा गुण केव्हांपासून झाला, हें आम्हांस कळत नाहीं.

उपायांचा कांहीं भाग वर येऊन गेलाच आहे. रिकाम्या जागेची उघड जाहिरात द्यावी, ओळखीपाळखीनें ती भरूं नये. कामाला काय काय यावयास पाहिजे तें अर्ज मागविण्यापूर्वींच लिहून ठेवावें. अर्ज पाहून मग निकष ठरविले तर ते आवडत्या माणसाच्या मापाचे होतात. मुलाखतींत सर्वांना तेच प्रश्न विचारावे, आणि प्रत्येक परीक्षकानें इतरांशीं बोलण्यापूर्वीं आपले गुण कागदावर मांडावे. शाळेंत उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं क्रमांक असतो, आणि त्यांत कोणाला कांहीं विचित्र वाटत नाहीं. अर्जांच्या पहिल्या छाननींत तसें करण्यास काय हरकत आहे? घेतल्यानंतर बढती कोणास मिळते, कठीण व घाणेरडें काम कोणाच्या वांट्यास येतें, याची नोंद वर्षाकांठीं एकदां तपासावी. या शेवटच्या गोष्टीकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. आंत घेतलें म्हणजे झालें असें वाटतें. पण मुंबईच्या गिरणींतही महार आंत होतेच कीं! प्रश्न कोणत्या खात्यांत, हा होता.

अडसर कचेरीच्या भिंतीबाहेरही असतो. १९१७ सालीं आंबेडकर अमेरिका व इंग्लंड येथें शिकून बडोद्याच्या नोकरींत रुजू झाले, तेव्हां त्यांना शहरांत राहावयास जागाच मिळेना. नांव लपवून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेल्या लोकांनीं येऊन त्यांना बाहेर काढलें, आणि अखेर नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावें लागलें. दरबारानें नेमणूक दिली होती, विद्या तर होतीच होती, घर नव्हतें. आजही परगांवीं नोकरी लागलेल्या मुलास भाड्याची खोली शोधतांना जात, धर्म, खाणें विचारतात. खोली नाकारणाऱ्याला वाटतें कीं आपण फक्त खोली नाकारली.

कायद्याविषयीं दोन शब्द. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमानें सरकारी नोकरींत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादि कारणांवरून भेद करण्यास मनाई आहे. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें तिचें आचरण गुन्हा ठरविलें. तें खाजगी धंद्यासही लागू आहे. परंतु अस्पृश्यतेचें उघड आचरण वेगळें, आणि अर्ज मुकाट्यानें बाजूला ठेवणें वेगळें; दुसरें सिद्ध करणें फार कठीण. ख्रिस्ती पालकांस आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा समावेश झाला, पण त्या दोन्ही वेळीं ख्रिस्ती व मुसलमान वगळलेच गेले. धर्म बदलल्यानें जात जाते असें मानून ही योजना झाली. ती जात नाहीं, हें दक्षिणेंतील ज्या देवळांत जातवार बैठका होत्या त्यांचा इतिहास सांगतो, आणि आमच्या मंडळ्यांत सोयरीक जुळवितांना जी चौकशी होते तीही सांगते.

पालकांपैकीं पुष्कळजण स्वतःही नोकरी देणारे आहेत. कोणाचें दुकान आहे, कोणाची वर्कशॉप आहे, आणि बहुतेकांच्या घरीं कामाला बाई येते. तिचा चहाचा कप वेगळा असतो काय, आणि तो कोणत्या फळीवर ठेवतात, हें घरांतील मुलें न सांगतां पाहत असतात. दुकानांत ‘आपल्यांतलाच मुलगा पाहा’ असें गुमास्त्यास सांगतांना आपण जॉबराचेंच काम करतों.

आतां शाळा सोडून जाणाऱ्या मुलांमुलींकरितां कांहीं व्यवहाराच्या सूचना. अर्ज कराल त्याची प्रत जवळ ठेवा. जाहिरातीचें कात्रण तारखेसह जपून ठेवा. मुलाखतींत कामाशीं संबंध नसलेला प्रश्न विचारला तर नम्रपणें उत्तर द्या, पण बाहेर आल्याबरोबर तो प्रश्न, विचारणाऱ्याचा हुद्दा आणि वेळ कागदावर लिहून काढा. नकार आला तर कारण लेखी मागा. तें मागण्यांत उद्धटपणा नाहीं. प्रत्येक नकाराच्या मागें भेदभावच आहे असें मात्र समजूं नका. पुष्कळदां दुसरा उमेदवार खरोखरच सरस असतो, आणि तें मान्य करण्यास मन मोठें लागतें. परंतु संशयास जागा असेल तर पुरावा हातीं असल्यावांचून बोलून उपयोग होत नाहीं. ब्रिस्टल येथें पॉल स्टीफन्सन यांनीं मुलाखतीपूर्वीं टेलिफोन करून जागा रिकाम्या आहेत हें कंपनीच्याच तोंडून वदवून घेतलें नसतें, तर बेलीला मिळालेलें ‘जागा भरल्या’ हें उत्तर कोणालाही खोटें ठरवितां आलें नसतें.